न उघडणारी पाने आणि न पोहोचणारे शेरे

प्रशासनात काही वर्षे काढल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. जे कार्यालय पूर्णपणे ठप्प झाले आहे, ते रुळावर आणणे तुलनेने सोपे असते, कारण दोष सर्वांनाच दिसतो. परंतु जे कार्यालय दहापैकी सात जणांची कामे बिनबोभाट करते आणि उरलेल्या तिघांना कारण न सांगता ताटकळत ठेवते, ते सुधारणे महाकठीण. सात जण सांगतात की आमचे काम वेळेत झाले. मग त्या तिघांचेच काही चुकले असणार, असा निष्कर्ष कोणी न काढताच निघतो. काही दिवसांनी ते तिघेही तसेच मानू लागतात.

घरच्या संगणकावर इतर सर्व संकेतस्थळे उघडावीत आणि नेमकी दोन-चारच उघडू नयेत, हा दोष याच जातीचा आहे. असा एक दोष मी २००९ साली भोपाळला असताना जवळून पाहिला. त्याच्या तपासातून प्रशासनाविषयी जे उमगले, ते एखाद्या प्रशिक्षण वर्गातही इतक्या स्पष्टपणे समजले नसते. म्हणून हा लेख.

आमच्या सरकारी वसाहतीत एक मराठी कुटुंब राहत असे. घरातील कर्ते गृहस्थ राज्य शासनाच्या सेवेत असतानाच वर्षभरापूर्वी निवर्तले होते. काकू आणि त्यांची मुलगी अशा दोघीच उरल्या होत्या. मुलीला पुण्यातील एका संस्थेत प्रवेशासाठी अर्ज करायचा होता, तो संगणकावरूनच भरायचा होता, आणि शेवटची तारीख आठ दिवसांवर आली होती. घरच्या संगणकावर ई-मेल उघडे, वृत्तपत्रे उघडत, त्या संस्थेचे मुखपृष्ठही उघडे. पण अर्जाच्या दुव्यावर टिचकी मारली की पान पांढरेच राही. तळाच्या पट्टीवर ‘उत्तराची वाट पाहत आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द येत आणि तिथेच थिजत. एका बँकेचे आणि एका सरकारी खात्याचे संकेतस्थळही असेच अडे.

दूरध्वनी कंपनीच्या मदत केंद्राने सांगितले, “बाकीची संकेतस्थळे उघडतात ना? मग आमची लाईन ठीक आहे.” संस्थेने सांगितले, “देशभरातून अर्ज येत आहेत, तेव्हा दोष आमच्याकडे नाही.” बाजारातल्या दुरुस्ती करणाऱ्याने संगणकात व्हायरस असल्याचे ठरवून टाकले. रविवारी येऊन सगळी हार्ड डिस्क फॉरमॅट करून देतो, म्हणाला. त्या डिस्कवर काकूंच्या यजमानांनी निवांत वेळी टंकित केलेली कुळाची वंशावळ होती आणि कोकणातल्या घरून आलेल्या जुन्या पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. काकू मला म्हणाल्या, “भाऊ, मुलीचा अर्ज महत्त्वाचा आहे, ते कळतं मला. पण ह्यांचं सगळं त्यातच आहे हो.”

मी संगणकतज्ज्ञ नाही. पण चौकशी कशी करावी, हे सरकारी नोकरीत शिकलो होतो. चौकशीचा पहिला नियम असा, की चौकशी चालू आहे या सबबीखाली नागरिकाचे काम अडवू नये. म्हणून मुलीला सांगितले, अर्ज माझ्या घरच्या संगणकावरून आजच भरून टाक. आमच्याकडे त्याच कंपनीची जोडणी होती, आणि तिथे ते पान पटकन उघडले. अर्ज गेला. आता प्रश्न उरला डिस्कचा, आणि एकाच कंपनीच्या दोन ग्राहकांना दोन वेगळे अनुभव का यावेत याचा. त्यानंतर तीन संध्याकाळी मी पुढील क्रमाने तपास केला. असाच प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांना हा क्रम उपयोगी पडेल.

१. दोष एका यंत्राचा की सर्वांचा? मी माझा लॅपटॉप काकूंच्या मॉडेमला जोडून पाहिला. तीच संकेतस्थळे त्यावरही उघडेनात. म्हणजे त्यांचा संगणक निर्दोष ठरला आणि डिस्क फॉरमॅट करण्याचे कारणच संपले. दुरुस्ती करणाऱ्यास येऊ नको म्हणून कळविले. हे पाच मिनिटांचे काम होते, पण तोवर ते कोणी केले नव्हते.

२. नावावरून पत्ता बरोबर मिळतो का? संकेतस्थळाचे नाव आपण अक्षरांत लिहितो. त्याचा अंकी पत्ता डीएनएस नावाची यंत्रणा शोधून देते. ही यंत्रणा चुकली किंवा संगणकातील ‘होस्ट्स’ नावाच्या फायलीत कोणी भलतीच नोंद करून ठेवली, तर ठरावीक संकेतस्थळेच अडतात. काकूंच्या घरी मिळणारा पत्ता आणि माझ्या घरी मिळणारा पत्ता ताडून पाहिला. दोन्ही एकच होते.

३. संगणकाचे घड्याळ बरोबर आहे का? संगणकाच्या आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख काही वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला भविष्यातील वाटतात आणि तो ती नाकारतो. इथे तारीख अचूक होती.

४. शासनाची बंदी आहे का? हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण तो विचारण्यास कारण होते. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील रेल्वे बाँबस्फोटांनंतर त्याच आठवड्यात केंद्राच्या दूरसंचार विभागाने मोजकी पाने बंद करण्याचा आदेश काढला होता. त्याची अंमलबजावणी करताना इंटरनेट पुरवठादारांनी ब्लॉगस्पॉटसारखी संकेतस्थळे सरसकट बंद करून टाकली, आणि लक्षावधी निरुपद्रवी लेखनही काही दिवस दिसेनासे झाले. आदेश सुईचा, अंमल कुऱ्हाडीचा. पण प्रवेश अर्ज, बँक आणि सरकारी खाते यांवर बंदी असण्याचा संभव नव्हता. शिवाय माझ्या घरी ती उघडत होती.

५. हाक मारल्यावर उत्तर येते का? संगणकावरून ‘पिंग’ ही आज्ञा दिली की समोरच्या यंत्राला एक चिमुकला संदेश जातो आणि त्याची पोच येते. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांकडून पोच आली. अडणाऱ्या तिन्हींकडून मात्र एकदाही आली नाही, माझ्या घरूनसुद्धा नाही. ती बंद पडलेली नव्हती. तेव्हा या प्रकारच्या संदेशांना त्यांनी दारच लावून घेतले होते असाच अर्थ निघत होता. या नोंदीचे महत्त्व मला दुसऱ्या दिवशी कळले.

६. किती मोठा संदेश जातो? पिंगच्या संदेशाचा आकार वाढवता येतो आणि ‘वाटेत याचे तुकडे करू नयेत’ अशी अटही घालता येते. पोच देणाऱ्या एका संकेतस्थळाकडे मी असे संदेश पाठवून पाहिले. १४६४ बाइटांचा संदेश गेला. १४६५ बाइटांचा गेला नाही. दोष इथे सापडला.

याचा अर्थ थोडक्यात सांगतो. इंटरनेटवर कोणतेही पान अखंड येत नाही. त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात येतो, आणि संगणक ती पाकिटे जोडून पान उभे करतो. आपल्या संगणकाच्या तारेवरून जास्तीत जास्त १५०० बाइटांचे पाकीट जाऊ शकते. परंतु टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडमध्ये पीपीपीओई नावाची पद्धत वापरली जाई. तिच्यात प्रत्येक पाकिटावर आठ बाइटांचे आणखी एक वेष्टन चढते. म्हणून आतल्या पाकिटाला जागा उरते १४९२ बाइटांची. पिंगच्या १४६४ बाइटांवर पत्ता वगैरेचे २८ बाइट चढतात. बेरीज बरोबर १४९२ होते.

आता पुण्याच्या सर्व्हरला या अरुंद खिडकीची कल्पना नसते. संगणकाने आपण १५००चे पाकीट घेऊ शकतो असे प्रारंभीच कळविलेले असते, म्हणून सर्व्हर १५००चे पाकीट पाठवितो आणि त्यावर ‘तुकडे करू नयेत’ असा शेरा असतो. ते भोपाळच्या एक्स्चेंजपर्यंत येते, तिथे मावत नाही. एक्स्चेंजमधील यंत्र नियमाप्रमाणे पाकीट टाकून देते आणि उलट टपाली कळविते की पाकीट मोठे आहे, १४९२चे करून पाठवा. सर्व्हरला ही सूचना मिळाली की तो आकार कमी करतो, आणि पान उघडते. बहुतेक संकेतस्थळांच्या बाबतीत हेच घडत होते.

परंतु त्या तीन ठिकाणी सुरक्षेसाठी बसविलेली फायरवॉल ही सूचनाही आत येऊ देत नव्हती. सूचना ज्या वर्गातली, तो आयसीएमपी नावाचा संदेशांचा वर्गच तिने सरसकट अडविला होता; पिंगही त्याच वर्गातला, म्हणून त्याची पोच येत नव्हती. सर्व्हर बिचारा पोच आली नाही म्हणून तेच १५००चे पाकीट पुन्हा पाठवी, मग दुप्पट वेळ थांबून पुन्हा, मग आणखी दुप्पट. इकडे मुलगी पांढऱ्या पानासमोर बसून राही. ओळखपाळख करून घेणारे सुरुवातीचे संदेश लहान असल्याने निर्वेध जात, म्हणून संगणकाला जोडणी झाली असेच दिसे. संस्थेच्या संगणक विभागातील एका गृहस्थांशी दूरध्वनीवर बोललो, तेव्हा कळले की मुखपृष्ठ एका सर्व्हरवर आहे आणि अर्ज दुसऱ्यावर. अर्जातील माहिती खाजगी म्हणून त्यापुढे कडक फायरवॉल. मुखपृष्ठ उघडावे आणि अर्ज उघडू नये, याचा उलगडा झाला.

आणि माझ्या घरी का उघडे? माझा मॉडेम वेगळ्या बनावटीचा होता. तो जोडणी होतानाच सर्व्हरला परस्पर सांगून टाकी की मजकूर १४५२ बाइटांहून मोठा पाठवू नका. काकूंच्या मॉडेममध्येही ही सोय होती, पण बंद होती. मॉडेमच्या पानावर जाऊन ती सुरू केली. तिन्ही संकेतस्थळे उघडली. दुरुस्तीला दहा मिनिटे लागली.

या प्रकरणात खोटे कोणीच बोलत नव्हते. कंपनीची लाईन खरोखर ठीक होती. संस्थेकडे अर्ज खरोखर येत होते. फायरवॉल लावणाऱ्याने आपले कर्तव्यच केले होते. त्याला भीती वाटण्यासही कारण होते: १९९६-९७ च्या सुमारास नियमाबाह्य मोठा पिंग संदेश पाठवून दूरचे यंत्र बंद पाडता येते असे उघड झाले होते आणि तेव्हापासून अनेक व्यवस्थापकांनी आयसीएमपीचा अख्खा दरवाजाच लावून घेतला. दोष असा, की १९८१ साली ज्यांनी हा संदेशवर्ग प्रमाणित केला त्यांनी त्यात हाक मारण्याबरोबरच अडचण कळविण्याची सोयही ठेवली होती, आणि १९९० साली पाकिटांचा योग्य आकार शोधण्याची रीत ठरली ती याच सोयीवर विसंबून. दार लावताना हाक मारणारा आणि निरोप आणणारा यांत फरक केला गेला नाही. सप्टेंबर २००० मध्ये इंटरनेटच्या मानकांच्या दस्तऐवजात या दोषाची रीतसर नोंद झाली आणि त्याला ‘ब्लॅक होल’, म्हणजे कृष्णविवर, असे म्हटले गेले. पाकीट आत जाते; बाहेर ना पाकीट येते, ना त्याचा निरोप.

आता प्रशासनाकडे वळतो. त्याच सुमारास काकूंचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण सात महिने पडून होते. त्यांनी चार स्मरणपत्रे पाठविली होती. चारही आधीच्या अर्जाची नक्कल होती, कारण काय कमी आहे हे कोणी सांगितलेच नव्हते. माझे खाते वेगळे. मला त्या नस्तीवर काही अधिकार नव्हता. मी फक्त त्या कार्यालयात जाऊन प्रकरणाची स्थिती विचारली. नस्ती जागेवर होती आणि व्यवस्थित होती. तिच्यावर सहा महिन्यांपूर्वीचा स्वच्छ अक्षरातला शेरा होता: सेवापुस्तकातील नामनिर्देशनाच्या पानावर साक्षीदाराची सही नाही, पूर्तता करून घ्यावी. मग तो शेरा अर्जदाराला का गेला नाही? कारण त्या कार्यालयात दलालांचा सुळसुळाट झाल्यावर वरिष्ठांनी आदेश काढला होता, की अर्जदारांशी थेट पत्रव्यवहार करू नये. सर्व पत्रे मूळ खात्यामार्फतच जावीत. मूळ खात्यात असे पत्र स्वीकारून पुढे पाठविण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नव्हते. लिपिकाने शेरा लिहिला, जावक बारनिशीत नोंद केली, पत्र गेले आणि विवरात पडले. काकू तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवीत राहिल्या.

इथेही आदेश काढणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. दलालांना आळा बसलाही असेल. पण दलाल आणि अर्जदार यांना एकाच वर्गात घालून दार लावल्याने त्रुटी कळण्याचा मार्गच बंद झाला. काय अडले आहे हे कळल्यावर पूर्ततेला किती वेळ लागला? साक्षीदार यजमानांचे जुने सहकारी होते, ते त्याच शहरात होते. त्यांचे प्रतिज्ञापत्र दोन दिवसांत झाले, आणि पुढच्या महिन्यात प्रकरण मंजूर झाले.

कायद्याने हा प्रश्न ओळखला आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आलेल्या माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रत्येक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळविली पाहिजेत. त्याच कायद्यात विहित मुदतीत उत्तर न आल्यास तो नकार मानला जातो, म्हणजे मौनाविरुद्धही अपील करता येते. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा केला, तो देशातला अशा प्रकारचा पहिला. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. अर्ज नाकारायचा तर कारण लेखी नोंदवून अर्जदाराला कळवावे, हे दोन्हींत आहे. तरतुदी उत्तम आहेत. परंतु कायदा नकार देणाऱ्याला बांधतो. शेरा लिहिणारा आणि अर्जदार यांच्यामधली वाट उघडी आहे की नाही, हे पाहण्याचे काम शेवटी त्या कार्यालयाच्या प्रमुखाचेच राहते. आजच्या ऑनलाइन सेवांतही अर्ज ‘प्रलंबित’ दिसतो, आणि त्रुटीचा लघुसंदेश अर्जदाराच्या बंद झालेल्या मोबाइल क्रमांकावर जात असतो. विवराचे रूप तेवढे बदलले.

संगणकशास्त्रज्ञांनी मात्र या अनुभवातून एक वेगळा धडा घेतला. मार्च २००७ मध्ये त्यांनी नवी रीत मांडली: निरोप येईल या भरवशावर बसू नये, पोच येत नसेल तर पाठविणाऱ्यानेच आकार कमी करून पाहावे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आणखी एक मार्गदर्शिका आली. नव्या पिढीच्या आयपीव्ही६ जाळ्यात फायरवॉलने कोणते निरोप कधीही अडवू नयेत याची यादी तिच्यात आहे, आणि ‘पाकीट मोठे आहे’ हा निरोप त्या यादीत आहे. म्हणजे एका बाजूने पाठविणाऱ्याला शहाणे केले आणि दुसऱ्या बाजूने दार लावणाऱ्याला मर्यादा घालून दिली. प्रशासनालाही हेच दोन उपाय लागू पडतात.

घरापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकांचे महाराष्ट्राशी असलेले बरेचसे व्यवहार आता संकेतस्थळांवरूनच होतात: सात-बारा, मिळकत कर, दाखले, बँक. त्यांना माझी विनंती अशी. एखादे संकेतस्थळ उघडले नाही तर आधी दुसऱ्या यंत्रावर पाहा, मग दुसऱ्या जोडणीवर, उदाहरणार्थ मोबाइलच्या डेटावर. दुसऱ्या जोडणीवर उघडले तर संगणक फॉरमॅट करू देऊ नका. पीपीपीओई आजच्या फायबर जोडण्यांतही अनेक ठिकाणी आहे, आणि व्हीपीएन पाकिटाची जागा आणखी कमी करते. तेव्हा आकाराची तपासणी आजही करण्याजोगी आहे. परदेशातील वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे, की काही शासकीय संकेतस्थळे सुरक्षेसाठी भारताबाहेरून उघडत नाहीत. तिथे दोष तुमच्या यंत्राचा नसतो, आणि बहुधा तसे सांगणारे वाक्यही पानावर नसते.

सेवेत असलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एक साधे काम सुचवितो. दर तीन महिन्यांनी आपल्या कार्यालयातील, त्रुटीचा शेरा असलेल्या दहा नस्त्या काढाव्यात. जावक नोंद पाहून थांबू नये. त्या दहा अर्जदारांना दूरध्वनी करून एवढेच विचारावे, आमचे पत्र आपल्याला मिळाले का? दहांपैकी जितके ‘नाही’ म्हणतील, तितकी माणसे आज कुठेतरी पांढऱ्या पानासमोर बसलेली आहेत. आणि सुरक्षेसाठी किंवा शिस्तीसाठी एखादा नवा आदेश काढण्याची वेळ आली, तर सही करण्यापूर्वी टिपणीत एक परिच्छेद वाढवून घ्यावा: या आदेशाने कोणाकोणाचे निरोप थांबतील, आणि त्यांपैकी कोणते थांबता कामा नयेत.